वेशभूषाकारानं निर्माता का व्हावं लागावं?

मनीष मल्होत्रा यांनी २०२३ मध्ये ‘स्टेज फाइव्ह प्रॉडक्शन’ ही चित्रपटसंस्था काढली, तेव्हा फॅशनच्या जगातलं एक बडं नाव आता सिनेमात उतरतंय असा सूर लागला. खरं तर हा माणूस सिनेमातच वाढला. १९९० च्या ‘स्वर्ग’मध्ये जुही चावलाचे कपडे त्यांनी केले, १९९५ मध्ये ‘रंगीला’ आला, आणि स्वतःच्या नावाचं लेबल निघालं ते २००५ मध्ये. सिनेमा आधी, दुकान नंतर. इतरांच्या चित्रपटांत तीस वर्षांहून जास्त काम केल्यावर ते निर्माते झाले आणि २०२५ च्या अखेरीस नसीरुद्दीन शाह, विजय वर्मा, फातिमा सना शेख यांचा ‘गुस्ताख इश्क’ त्यांच्या संस्थेच्या नावानं पडद्यावर आला.

तो चित्रपट कसा आहे, हा इथला विषय नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. आपल्या कामावर हक्क सांगायचा तर वेशभूषाकारापुढे निर्माता होण्यावाचून दुसरी वाट आपल्या चित्रसृष्टीनं ठेवली आहे का? माझ्या मते ठेवलेली नाही. आणि निर्माता होणं ज्यांना परवडतं, अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांनी आयुष्यभर पात्रं उभी करायची आणि निर्मात्याच्या वहीत नुसत्या खर्चाच्या रकान्यात राहायचं, ही रीत मला अन्यायाची वाटते. ती बदलता येते, असंही मला ठामपणे वाटतं.

वेशभूषा म्हणजे नटीला नटवणं, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. मल्होत्रांनी मुलाखतींत सांगितलंय की, सुरुवातीच्या काळात त्यांनी दृश्य काय आहे, ही मुलगी कोण आहे असं विचारलं की लोकांना नवल वाटायचं. ‘रंगीला’तल्या ऊर्मिला मातोंडकरचे कपडे आज आठवून पाहा. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातली, सिनेमात समूहनृत्यात नाचणारी मुलगी आहे ती. तिचे घरातले कपडे, तालमीचे कपडे, आणि नशीब उघडल्यावरचे कपडे यांतून तिचा प्रवास संवादांच्या आधी डोळ्यांना कळतो. या कामाला फिल्मफेअरनं पुरस्कार दिला. फिल्मफेअरचे पुरस्कार १९५४ पासून आहेत, आणि वेशभूषेची दखल घ्यायला त्यांना ‘रंगीला’पर्यंत थांबावं लागलं. चाळीस वर्षांत मधुबाला, नूतन, वहिदा रहमान पडद्यावर येऊन गेल्या. त्यांना कपडे कुणी दिले, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

वेशभूषाकार पटकथा दोनदा वाचतो. एकदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा हिशेब म्हणून. गोष्टीतला कितवा दिवस आहे, कुठलं दृश्य त्याच दिवसाचं, कोण पावसात भिजणार, कुणाला गोळी लागणार, हे सगळं कागदावर मांडावं लागतं. गोळी लागणाऱ्या माणसाचा सदरा एक असून भागत नाही. कोरडा एक, रक्ताचा एक, टेक चुकला तर आणखी एक, आणि डमीच्या मापाचा वेगळा. पांढरा कपडा कॅमेऱ्यापुढे डोळ्यांत खुपतो म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवून मवाळ करायचा. नवा कोरा कपडा शेतकऱ्याच्या अंगावर खोटा दिसतो, तेव्हा काचकागदानं कॉलर घासायची, कोपर झिजवायचं, खिशाची शिवण थोडी उसवायची. मंगलदास मार्केटमधून तागा आणताना पुढे पुन्हा तोच रंग मिळेल का, याचा अंदाज त्याच वेळी बांधायचा, कारण एखादा कपडा मध्येच फाटला आणि जोडीचा सापडला नाही तर अख्ख्या युनिटचा दिवस बुडतो.

एका मालिकेच्या कपडेपटात मी बसले असताना हँगरला लावलेली एक साडी पाहिली होती. पदराच्या काठाला हळदीचा डाग, आणि वर टाचणीनं चिठ्ठी: ‘धुवू नये’. लग्नघरातलं ते दृश्य अर्धं झालं होतं आणि उरलेलं अर्धं तीन आठवड्यांनी व्हायचं होतं. ड्रेसदादांनी त्या डागाचा फोटो काढून ठेवला होता, डाग निऱ्यांपासून किती बोटांवर आहे ते वहीत लिहिलं होतं, आणि साडी धोब्याच्या गाठोड्यात जाऊ नये म्हणून ती वेगळी टांगली होती. इस्त्री करता करता ते मला म्हणाले, “मॅडम, हा डाग गेला तर सेटवर सगळे आमच्याकडं बघतात. राहिला तर कुणीच बघत नाही.” त्या मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव मला कधी दिसलं नाही.

वेळापत्रक, पैसा, माणसं, पुढची अडचण आधी ओळखणं आणि शेवटी जबाबदारी अंगावर घेणं, या कामाला एरवी आपण निर्मिती म्हणतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात निर्मात्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. चित्रपट घडवण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती म्हणजे निर्माता, असं कायदा म्हणतो. त्या व्याख्येत पैशाचा उल्लेख नाही. वेशभूषाप्रमुख आपल्या विभागापुरतं हेच करत असतो. तरीही अभिनेता निर्माता झाला की ते ओघानंच आलं असं मानतात, संकलक दिग्दर्शक झाला तर कौतुक होतं, आणि कपडे करणाऱ्यानं निर्मिती हातात घेतली की भुवया उंचावतात.

अमेरिकेतल्या पॉली प्लॅट यांचं आयुष्य या संदर्भात मला फार महत्त्वाचं वाटतं. १९३९ मध्ये जन्मलेल्या प्लॅट यांनी रंगभूमीवर वेशभूषा केली आणि मग पीटर बोग्दानोविच या आपल्या दिग्दर्शक पतीच्या पहिल्या चित्रपटांचं सगळं दृश्यरूप घडवलं. १९७१ च्या ‘द लास्ट पिक्चर शो’चं चित्रीकरण टेक्सासमधल्या आर्चर सिटी या लहानशा गावात चालू असताना त्यांचा संसार मोडत होता. पतीचं मन चित्रपटाच्या नायिकेवर जडलं होतं. प्लॅट यांनी काम सोडलं नाही, चित्रपट पुरा केला आणि त्यानंतरचे दोन चित्रपटही त्याच माणसाबरोबर केले. हॉलिवूडच्या कलादिग्दर्शक संघटनेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढे पटकथा लिहिली, कलादिग्दर्शनासाठी ऑस्करचं नामांकन मिळवलं, आणि १९८७ च्या ‘ब्रॉडकास्ट न्यूज’च्या कार्यकारी निर्मात्या म्हणून त्यांचं नाव आलं. वेस अँडरसन या तेव्हाच्या नवख्या दिग्दर्शकाचा ‘बॉटल रॉकेट’ हा पहिला चित्रपट १९९६ मध्ये उभा राहिला, त्यातही निर्मात्या म्हणून त्यांचा मोठा हात होता. गोष्ट कुठे सैल पडते, नट कुठल्या खोलीत खरा वाटेल, कुणाच्या अंगात सिनेमा आहे, हे ओळखणारी नजर त्यांच्याकडे सुरुवातीपासूनच होती. हुद्दा मिळायला मात्र जवळपास दोन दशकं गेली.

ऑस्ट्रेलियाच्या कॅथरीन मार्टिन यांना हे सोपं गेलं. सिडनीच्या नाट्यसंस्थेत शिकल्या, ‘मुलाँ रूज’ आणि ‘द ग्रेट गॅट्सबी’ या दोन चित्रपटांसाठी वेशभूषा आणि कलादिग्दर्शन मिळून चार ऑस्कर त्यांच्या नावावर आहेत, आणि २०२२ च्या ‘एल्विस’साठी वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाची निर्माती अशी तीन नामांकनं त्यांना एकाच वर्षी मिळाली. त्यांच्या चित्रपटांत कपडे, भिंती आणि खर्च यांचा निर्णय एकाच टेबलावर होतो, आणि तो एकजीवपणा पडद्यावर दिसतो. पण हे टेबल त्यांचे पती बाझ लुहरमन आणि त्या, अशा दोघांच्या स्वतःच्या संस्थेचं आहे. मल्होत्रांच्या मागे त्यांचं लेबल होतं, ज्यात २०२१ मध्ये रिलायन्स ब्रँड्सनं ४० टक्के हिस्सा घेतला. दोघांचंही कर्तृत्व निर्विवाद. पण ज्या वेशभूषाकाराचं ना दुकान, ना घरात दिग्दर्शक, त्याचं काय?

भानू अथैया यांचं नाव मला इथे घेतलंच पाहिजे. कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या घरात १९२९ साली जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण, हुसेन-रझांच्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या १९५३ मधल्या प्रदर्शनात चित्रं, आणि १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून सिनेमाचे कपडे. ‘गांधी’ चित्रपटात भारतीय पात्रांची सगळी वेशभूषा त्यांची. ब्रिटिश बाजू जॉन मोलो यांनी सांभाळली. दक्षिण आफ्रिकेतला सूटबूट घातलेला बॅरिस्टर, १९१५ मध्ये मायदेशी उतरलेला काठियावाडी पागोट्यातला माणूस आणि शेवटी पंचा नेसलेला महात्मा, ही वाटचाल त्यांनी कापडातून सांगितली. ११ एप्रिल १९८३ ला या दोघांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या अथैया पहिल्या भारतीय. त्या दिवशी आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेसाठी पारितोषिकच नव्हतं. ते १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झालं.

१९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची ती नारिंगी साडी त्यांचीच. तयार निऱ्यांची, अंगाला घट्ट गुंडाळलेली, काठाला चमकती पट्टी. आज पन्नास वर्षांनंतरही दुकानदार ‘मुमताज साडी’ म्हणूनच ती पुढे करतात, लग्नाच्या संगीतात ती नेसून मुली नाचतात. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधली माधुरी दीक्षितची जांभळी साडी ॲना सिंग यांची, तिच्या नकला देशभरच्या लग्नांत दिसल्या. त्या साड्या शिवणारे, विकणारे, भाड्यानं देणारे यांचं पोट चाललं, आणि ते चालावंच. पण ज्यांनी ते रूप पहिल्यांदा मनात पाहिलं, त्यांच्या वाट्याला चित्रपटाच्या वेळी ठरलेलं मानधन, बस. साडीला नाव मिळालं तेही नटीचं.

कायदा या बाबतीत काय सांगतो ते नीट पाहायला हवं, कारण अडचण तिथेच आहे. चित्रपटाचा कर्ता म्हणून आपला कायदा निर्मात्याला मानतो. २०१२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार, संगीतकार, पटकथाकार यांचं काम सिनेमागृहाबाहेर, म्हणजे दूरचित्रवाणी, फोन, इंटरनेट वगैरे मार्गांनी वापरलं गेलं, तर त्या उत्पन्नातला त्यांचा वाटा त्यांना लिहून देता येत नाही, करारात काहीही असलं तरी. जावेद अख्तर राज्यसभेत असताना या दुरुस्तीसाठी लढले, हे आपल्याला ठाऊक आहे. ही तरतूद साहित्य आणि संगीत यांच्यापुरती आहे. वेशभूषेचं रेखाटन कायद्याच्या दृष्टीनं कलाकृती ठरतं, आणि कलाकृती या तरतुदीत येत नाहीत. भर म्हणजे कलम १५. ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, त्याची परवानगीनं कारखान्यात पन्नासहून जास्त नगांवर नक्कल झाली की त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी करायची तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली, आणि ते रूप लोकांपुढे येण्याआधी. चित्रपट लागायच्या आधी कुठली साडी गाजणार, हे कुणाला कळतं? आणि कळलं तरी कराराप्रमाणे त्या रूपाचा मालक निर्माता असतो, नोंदणीही त्यानंच करायची.

अमेरिकेत तरी कुठे वेगळं आहे? तिथल्या वेशभूषाकारांची १९५३ पासूनची संघटना आहे, तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि कलादिग्दर्शकांपेक्षा त्यांचं किमान वेतन कमी. या विषमतेविरुद्ध त्यांनी उघड मोहीम चालवली. हॅलोविनला त्यांनी रचलेल्या पोशाखांच्या नकला घरोघरी विकल्या जातात आणि त्यांना त्यातला पैसा मिळत नाही, ही त्यांचीही जुनी तक्रार. मेरिलिन मन्‍रोचा वाऱ्यावर उडणारा पांढरा पोशाख २०११ मध्ये लिलावात ४६ लाख डॉलरला गेला. तो विल्यम ट्रॅव्हिला यांनी रचला होता. स्टुडिओनं आपला कपडेपट विकायला काढला तेव्हा अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स यांनी हा पोशाख जपला, म्हणून तो उरला तरी.

आता यावरचा आक्षेप. पैसा निर्मात्याचा बुडतो, वेशभूषाकार आपलं मानधन घेऊन घरी जातो, मग मालकीत वाटा कसला? हा आक्षेप हलका नाही. मराठी निर्माता घर गहाण टाकून चित्रपट करतो, हे आपण पाहतो. पण गीतकारही बुडालेल्या चित्रपटाचं मानधन परत करत नाही, आणि तरी संसदेनं त्याचा वाटा मान्य केला. उत्पन्न झालं तरच वाटा द्यायचा आहे. तोटा झाला तर वाट्याचा प्रश्नच उभा राहत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. कपडा एकट्या वेशभूषाकाराचा असतो का? रंग छायालेखकाशी बोलून ठरतो, दिग्दर्शक नको म्हणतो, मास्टर कापतो, कारागीर जरी भरतो, ड्रेसदादा डाग जपतात. प्रमुखाला वाटा मिळाला आणि मास्टर, कारागीर पुन्हा बेनाव राहिले, तर आपण एक उतरंड मोडून दुसरी रचली असं होईल. म्हणून वाट्याची मागणी करणाऱ्या वेशभूषाकारानं स्वतःच्या विभागातल्या प्रत्येकाचं नाव श्रेयनामावलीत घालायची मागणी आधी करावी, असं मला मनापासून वाटतं.

कारागिरांनी मालक होणं ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. बाबूराव पेंटर पडदे रंगवत, कॅमेरा स्वतः जुळवत, पात्रांच्या पोशाखांची रेखाटनं स्वतः करत, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यांचीच होती. त्या कंपनीत तयार झालेले चौघे, शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर, १९२९ मध्ये बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णींचा पैसा उभा राहिला आणि ‘प्रभात’ निघाली. फत्तेलाल कलादिग्दर्शक. त्यांचा हुद्दा नोकराचा नव्हता, भागीदाराचा होता. ‘संत तुकाराम’मधलं देहू आपल्याला इतकं खरं वाटतं, त्यामागे निर्णय घेण्याचा हा हक्क आहे असं मी मानते, पडद्यावरची प्रत्येक वस्तू ठरवणारा माणूस कंपनीच्या मालकांपैकी एक होता. ज्या वर्षी कोल्हापुरात ‘प्रभात’ सुरू झाली, त्याच वर्षी त्याच गावात भानू राजोपाध्ये जन्मल्या. त्यांच्या वाट्याला मात्र मानधनावर काम करण्याची चाकोरी आली. त्यांनी ती इतक्या निष्ठेनं चालवली की ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या दोन्हींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. २०१२ मध्ये त्यांनी आपलं ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून अकादमीकडे परत पाठवलं. या देशात ते सुरक्षित राहील अशी एकही जागा त्यांना दिसली नाही, ही गोष्ट मला आजही बोचते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. फिल्म, पोस्टर, छायाचित्रं तिथे जपली जातात. रेखाटनं, कापडाचे नमुने आणि कुठल्या दृश्यात कपडा कसा होता ते टिपलेल्या कंटिन्युइटीच्या वह्याही तिथे तितक्याच नेमानं यायला हव्यात.

मल्होत्रांसारखे जे निर्मात्याच्या खुर्चीत पोचले आहेत, त्यांच्याकडून मला पहिली अपेक्षा आहे ती एका करारपत्राची. आपल्या संस्थेत जो कुणी कपडे करील, त्याच्या रेखाटनांवर त्याचं नाव राहील. चित्रपटातल्या पोशाखाची नक्कल विकायला परवाना दिला, तर त्या पैशात त्याचा ठरलेला हिस्सा असेल. कपडे पुन्हा दुसऱ्या चित्रपटात वापरले तर मूळ श्रेय छापलं जाईल. ही बाजू त्यांच्याइतकी जवळून कुणी पाहिलेली नाही, आणि त्यांनी असा करार केला तर ‘हे शक्य नाही’ म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होईल.

कायदा बदलण्याचं काम दिल्लीत व्हायचं आहे. २०१२ च्या तरतुदीत ‘साहित्य’ आणि ‘संगीत’ यांच्या जोडीला चित्रपटासाठी केलेली ‘कलाकृती’ घालण्यानं वेशभूषा आणि कलादिग्दर्शन दोन्ही त्यात येतील. त्याला वेळ लागेल. पण महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं, आणि तिथे उद्यापासून काही करता येतं. अनुदानाच्या अर्जाबरोबर निर्माता आजही कागदांचा गठ्ठा जोडतो. त्यात वेशभूषाकाराशी केलेला लेखी करार, कपडेपटातल्या सगळ्यांची नावं असलेली श्रेयनामावली आणि रेखाटनांची एक प्रत संग्रहालयात दिल्याची पावती, एवढे तीन कागद सक्तीचे करावेत. लहान निर्मात्यावर यानं ओझं पडत नाही. नाव छापायला पैसे लागत नाहीत, करार एका बैठकीत होतो, आणि रेखाटनं एरवी चित्रपट संपल्यावर रद्दीतच जातात.